मागच्या रांगेतील चार तारा

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता शिवाजी पार्कजवळच्या एका जुन्या तीन मजली इमारतीतून एक लांबट काळी पेटी आमच्या स्वाधीन करण्यात आली. पेटीत एक बास गिटार होती. तिचा मालक दोन वर्षांपूर्वी देवाघरी गेला होता. रविवारी देवळातील गायनवृंदात, एरवी लग्नसमारंभांत व ऑर्केस्ट्रात आणि बोलावणे आलेच तर ध्वनिमुद्रणात, असे त्याचे आयुष्य गेले. त्याच्या पत्नीने एवढेच सांगितले, "फादर, हे वाजतं राहिलं तर बरं. नुसतं भिंतीवर टांगू नका."

वाद्य ध्वनिवर्धकाला जोडले तेव्हा सुरापेक्षा गुणगुणाटच अधिक ऐकू आला. गायनवृंदातील तरुणांचे म्हणणे पडले, की जुने पिकअप काढून टाकावेत, बॅटरीवर चालणारे नवे बसवावेत, रंगही द्यावा. वृद्ध गायनप्रमुखांचे मत अगदी उलट होते: मृताच्या वस्तूला हात लावू नये, आहे तशी ठेवावी. दोन्ही पक्ष आमच्याकडे आले. वाद्यवादनात आमची गती बेताचीच आहे. परंतु कोणत्याही तंट्याचा निवाडा करण्यापूर्वी त्या गोष्टीचा पूर्वेतिहास पाहावा, ही सेमिनरीत लागलेली सवय उपयोगी पडली. त्या शोधात जे हाती आले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

खर्जाचा भार वाहणारे वाद्य वाद्यवृंदाला नेहमीच लागत आले आहे. पाश्चात्त्य वृंदात हे काम माणसाहून उंच अशा डबल बासकडे होते. मुंबईच्या हॉटेलांतील नृत्यवृंदांत आणि पुढे चित्रपटांच्या वाद्यवृंदांत ते वाजवणारे बहुधा गोवेकर कॅथलिक असत. पण हे वाद्य ट्रामने न्यावे कसे, आणि ट्रम्पेट-ड्रमच्या गदारोळात ते ऐकू जावे कसे, या दोन अडचणी जगभर सारख्याच होत्या. अमेरिकेत सिअ‍ॅटल येथे पॉल टुटमार्क यांनी 1930 नंतरच्या दशकात विजेवर चालणारी, गिटारीसारखी आडवी धरावयाची बास विकावयास काढली होती. ती फारशी चालली नाही. यश आले ते कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या गृहस्थाला. 1951 साली त्यांनी 'प्रिसिजन बास' बाजारात आणली. डबल बासच्या गुळगुळीत पट्टीवर सूर अंदाजाने शोधावा लागे. येथे धातूचे पडदे असल्यामुळे तो नेमका सापडे, म्हणून हे नाव. तिच्या चार तारा म्हणजे आपल्या पेटीच्या भाषेत खालून वर पांढरी तीन, सहा, दोन आणि पाच. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे 41 वेळा कंप पावते.

या वाद्याचा जीव लाकडात थोडा आणि पिकअपमध्ये फार. पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार कंप पावली, की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेढ्यांत क्षीण वीज उत्पन्न होते. मायकेल फॅरेडे यांनी 1831 साली दाखवून दिलेले तत्त्व ते हेच. परंतु ही गुंडाळी सुराबरोबर घरातील दिव्यांची व तारांचीही वीज टिपते, आणि त्यातून गुणगुणाट जन्मतो. आपल्याकडील वीज सेकंदाला 50 आवर्तने करते, आणि बासवरील खर्जातील पांढरी पाच सुमारे 49 कंपनांची. म्हणजे मुंबईचा गुणगुणाट बासच्याच एका सुराला जवळजवळ चिकटून बसतो. अमेरिकेत वीज 60 आवर्तनांची असल्यामुळे तेथला गुणगुणाट काळी पाच व पांढरी सात यांच्या मध्ये कोठेतरी पडतो.

यावर तोड निघाली ती जोडीने. दोन गुंडाळ्या परस्परविरुद्ध दिशांनी वेढून त्यांचे चुंबकही उलटे ठेवले, तर तारेचा सूर एकमेकांत मिळतो आणि गुणगुणाट एकमेकांस खाऊन टाकतो. 1957 साली प्रिसिजन बासच्या पिकअपचे असे दोन तुकडे करण्यात आले. 1960 साली आलेल्या 'जॅझ बास'वर दोन स्वतंत्र पिकअप होते. मानेच्या बाजूचा पिकअप आवाजाला गोलाई देतो. घोडीजवळचा धारदार, किंचित नाकातला आवाज देतो. दोन्ही सारखे उघडले, की गुणगुणाट शमतो. जर्मनीच्या हॉफनरने 1956 साली व्हायोलिनच्या आकाराची हलकी, पोकळ बास काढली. पॉल मॅककार्टनी यांनी 1961 साली ती हँबुर्गमध्ये घेतली. 1976 सालच्या 'स्टिंगरे' बासमध्ये बॅटरीवर चालणारे मंडल आले आणि आवाज अधिक चकचकीत झाला. त्याच सुमारास जाको पास्टोरियस यांनी आपल्या जॅझ बासचे पडदेच उखडून टाकले आणि त्या पट्टीवर राळेचा कडक लेप चढवून जगाला नवा आवाज ऐकवला. सारांश, या वाद्यात फेरफार करणे हा काही त्याचा अपमान नव्हे. ते जन्मापासून फेरफारांवरच वाढले आहे.

आता आपल्या मुंबईकडे वळू. विजेच्या गिटारीला येथे प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत व्हॅन शिप्ली हे नाव आधी घ्यावे लागेल. 1927 साली लखनौच्या ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेल्या या कलावंताने मुंबईत येऊन स्वतःच्या कल्पनेप्रमाणे आठ तारांची इलेक्ट्रिक गिटार घडवून घेतली. 2008 साली ते निवर्तले. बास गिटार मात्र खऱ्या अर्थाने घरोघर पोहोचली ती राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांतून. त्यांच्या वृंदात बास वाजवणारे टोनी वाझ यांचे बोट ज्याने ऐकले नाही, असा रेडिओचा श्रोता त्या काळी विरळाच; आणि त्यांचे नाव ज्याला ठाऊक आहे, असा श्रोता आजही विरळाच. तबकडीच्या वेष्टनावर गायक, गीतकार, संगीतकार झळकत. मागच्या रांगेत बसून गाण्याचा पाया घालणाऱ्यांची नावे सहसा छापली जात नसत.

चरणजित सिंग यांची कथा आणखी विलक्षण आहे. चित्रपटांच्या वृंदांत बास व इतर वाद्ये वाजवणाऱ्या या कलावंताने रोलँड कंपनीचे टीबी-303 हे लहानसे यंत्र घेतले. ते यंत्र मुळी निघाले होते बासवादकाची उणीव भरून काढण्यासाठी! म्हणजे आपल्याच जागेवर बसू पाहणाऱ्या यंत्राशी या वादकाने मैत्री केली आणि 1982 साली त्यावर दहा राग ध्वनिमुद्रित केले. तेव्हा कोणी फारसे लक्ष दिले नाही. 2010 साली ती तबकडी पुन्हा निघाली आणि परदेशातील रसिक थक्क झाले. 2015 साली मुंबईत त्यांचे निधन झाले. उशिरा का होईना, त्यांना दाद पाहावयास मिळाली; बहुतेकांच्या वाट्याला तीही आली नाही.

वाद्य मिळवणे हीच त्या काळी मोठी तपश्चर्या होती. धोबीतलावचे फुर्टाडोज हे दुकान 1865 पासूनचे. तेथील काचेपलीकडची वाद्ये पाहून परत फिरलेल्या मुलांची गणती कोण करणार? परवाने आणि जकात यांमुळे परदेशी बास सामान्य वादकाच्या आवाक्याबाहेर होती. 1991 नंतर दारे किलकिली झाली आणि परदेशी मालाच्या आयातीवरील संख्यात्मक बंधने पुरती उठली ती 2001 साली. तोवर कोणाचा भाऊ बोटीवर, कोणाचा मेहुणा आखातात. त्यांच्याकरवी एखादे वाद्य यावयाचे. बाकीच्यांनी कलकत्त्याच्या गिव्हसनसारख्या देशी गिटारींवर भागवावयाचे. तारा महाग, म्हणून बोथट झालेल्या तारा उकळत्या पाण्यातून काढून पुन्हा चढवल्या जात. समुद्राच्या खाऱ्या हवेने डागाचे सांधे हिरवे पडत, पावसाळ्यात मान वाकडी होई, मग आतली सळई पिळून ती सरळ करावी लागे. आज कोणत्या पिकअपने कोणता पिकअप सरस, याची तुलना तरुण मंडळी तासन्‌तास करतात. त्या पिढीची तुलना निराळी होती: चालू आहे की बंद?

फेरफाराची ही विद्या केवळ आमच्या समाजाची होती, असे मात्र कोणी समजू नये. शिवाजी पार्कहून लालबाग-परळकडे जावे आणि गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत वाजणारा बेंजो ऐकावा. तो खरा बेंजो नव्हेच. टंकलेखन यंत्रासारख्या कळा असलेला तो बुलबुलतरंग. त्याचा पूर्वज 1912 साली जपानमधील नागोया येथे निर्माण झालेला ताईशोगोतो. आपल्या कारागिरांनी त्याच्या तारांखाली पिकअप बसवला, त्याला भोंग्याशी जोडले आणि ताशांच्या कडकडाटातही ऐकू जाईल असे एक सर्वस्वी मुंबईकर वाद्य तयार केले. चाळीतील कारागीर आणि देवळातील बासवादक एकाच प्रकारच्या डागणीने, एकाच प्रकारच्या गरजेपोटी काम करीत होते.

देवळातील प्रवेश या वाद्याला सुखासुखी मिळाला नाही. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने 4 डिसेंबर 1963 रोजी प्रसृत केलेल्या उपासनाविषयक संविधानात पाइप ऑर्गनला मानाचे स्थान देऊन, पवित्र वापरास योग्य अशा इतर वाद्यांनाही स्थानिक अधिकाऱ्यांच्या संमतीने वाट मोकळी केली. पाठोपाठ 1967 च्या सूचनापत्राने, केवळ ऐहिक संगीतालाच शोभणारी वाद्ये उपासनेत नकोत, असेही बजावले. बास गिटार कोणत्या बाजूची? या प्रश्नावर घराघरांत वाद झडले. आमच्या मते निर्णय वाद्यापेक्षा वादकाच्या बोटावर अवलंबून आहे. मंडळी गात असताना तिच्या स्वरांना खालून आधार देणारा बास हा ऑर्गनच्या पायपट्टीचेच काम करतो; स्वतःकडे लक्ष वेधू लागला, की तो मेजवानीतला ठरतो.

शिवाजी पार्कच्या शेजाऱ्यांना या प्रश्नाची आणखी एक बाजू ठाऊक आहे. 1925 साली माहीम पार्क म्हणून खुले झालेले आणि 1927 साली छत्रपतींचे नाव मिळालेले हे मैदान सभांच्या गर्जनांनी गाजले; 2010 साली उच्च न्यायालयाच्या आदेशाने ते शांतता क्षेत्र झाले. अशा क्षेत्रात दिवसा 50 डेसिबलची मर्यादा. खर्जाचा स्वर तर भिंतींनाही जुमानत नाही. आमचा दिवंगत वादक रात्री ध्वनिवर्धक न जोडताच सराव करी, असे त्याच्या पत्नीने सांगितले. शेजाऱ्याला ऐकू जाई ते फक्त बोटांचे टकटकणे.

इतके समजल्यावर आम्ही ती गिटार उघडवली. जॅझ बासच्या नमुन्यावर बेतलेले ते जपानी बनावटीचे वाद्य होते. कळांखालची धातूची पट्टी उलटी केली, तेव्हा तिच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेल्या बारीक ओळी दिसल्या. कोणत्या वर्षी कळ बदलली, कोणत्या वर्षी सांधा पुन्हा डागला, याचा तो हिशेब होता. शेवटची ओळ अशी: "1988. मागची कॉइल गेली. एकीवर भागते."

ती वाचताच गुणगुणाटाचे कारण उलगडले. जोडीतला एक पिकअप मुका झाला होता, म्हणून दुसऱ्याचा गुणगुणाट खाऊन टाकणारे कोणी उरले नव्हते. त्या एकावर या माणसाने कित्येक वर्षे मिस्सा वाजवल्या, लग्ने वाजवली, मुलांची शिक्षणे केली. धर्मगुरूच्या आयुष्यात बाप्तिस्म्याच्या, लग्नाच्या, मृत्यूच्या नोंदवह्या नित्य हाताळाव्या लागतात. ती पट्टी आम्हाला तशीच एक नोंदवही वाटली.

त्यानंतर निवाडा देणे कठीण गेले नाही. नवे पिकअप नकोत, आणि भिंतीवर टांगणेही नको. जुनीच गुंडाळी उलगडून पुन्हा वेढावी. पंखे व मोटारी वाइंड करणाऱ्या एका कारागिराने ती बारीक तार आठ-नऊ हजार वेळा फिरवून दिली. पहिल्यांदा जोडल्यावर आवाज पोकळ व पातळ आला आणि गुणगुणाट दुप्पट झाला. तरुणांनी आमच्याकडे 'आम्ही सांगत नव्हतो?' अशा दृष्टीने पाहिले. कारागिराने काही न बोलता त्या पिकअपच्या दोन तारांची अदलाबदल केली. गुणगुणाट विझला आणि पांढऱ्या तीनचा खर्ज देवळाच्या बाकांतून फिरला. गायनप्रमुख मान खाली घालून ऐकत होते. पट्टी परत बसवण्यापूर्वी वाद्य हाती घेणाऱ्या मुलाने जुन्या ओळींखाली स्वतःची एक ओळ पेन्सिलीने लिहिली. ती त्याला कोणी सांगितली नव्हती.

पॉल मॅककार्टनी यांची ती 1961 सालची बास 1972 साली लंडनमध्ये चोरीला गेली होती. जगभर शोध झाला आणि ती सापडल्याची वार्ता 2024 साली सर्वत्र छापून आली. थोरांच्या वाद्यांचा शोध जग घेते. आपल्या वडिलांच्या, मामांच्या, शेजाऱ्यांच्या वाद्यांचा शोध आपणच घ्यावयाचा आहे. वाचकांच्या माळ्यावर अशी एखादी पेटी असेल, तर ती विकण्यापूर्वी अथवा रंगवण्यापूर्वी एकदा उघडून पाहावी आणि ती कोणी, कोठे, कोणाबरोबर वाजवली, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे. सांगणारी माणसे आहेत तोवरच हे होण्यासारखे आहे.