स्कुबासाठी कुठलं बेट? पाण्यात उतरण्याआधी थोडा इतिहास

दिवाळी जवळ आली की फोन सुरू होतात. "भाऊ, मुलांना स्कुबा करायचंय, मालदीव बरं की अंदमान? लक्षद्वीपचं काय? की आपलं मालवणच करावं?" पत्रकार म्हणजे सगळं माहीत असतं असा लोकांचा समज असतो, त्याला इलाज नाही. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितो. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

आधी मालदीव. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान लक्षद्वीपला गेले, फोटो आले, मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी वाईटसाईट लिहिलं, त्यांना निलंबित केलं गेलं आणि आपल्याकडे बहिष्काराची लाट आली. तेव्हा कित्येकांनी बुकिंग रद्द केल्याचे स्क्रीनशॉट टाकले. त्याच मालदीवमध्ये नोव्हेंबर १९८८ मध्ये भाडोत्री बंडखोरांनी राजधानी ताब्यात घ्यायचा प्रयत्न केला, तेव्हा आपलं सैन्य विमानाने तिथे उतरलं होतं आणि बंड मोडलं होतं, हे त्या स्क्रीनशॉटवाल्यांपैकी किती जणांना आठवलं असेल? आणखी एक गंमत. ऑक्टोबर २००९ मध्ये तिथले अध्यक्ष मोहम्मद नशीद यांनी मंत्रिमंडळाची बैठक समुद्राच्या तळाशी घेतली. मंत्री स्कुबाचा पोशाख घालून, पाठीवर टाक्या बांधून. समुद्र वाढला तर आमचा देश बुडेल, हे जगाला सांगायला. आपल्याकडे तर जिल्हा नियोजनाची बैठक कोरड्या जमिनीवरसुद्धा वेळेवर सुरू होत नाही.

आणि हो, मालदीवची दिवेही भाषा आपल्या मराठीची लांबची नातेवाईक आहे, दोघी इंडो-आर्यन घरातल्या. आपल्या लक्षद्वीपमधल्या मिनिकॉयलाही तीच बोलतात, तिथे तिला महल म्हणतात. लक्षद्वीपचं थोडक्यात सांगतो. छत्तीस बेटं, वस्ती दहावर, परवाना आधी काढावा लागतो, विमान अगत्तीला उतरतं. पाणी सुंदर. पण परवाना, विमान आणि राहण्याची सोय हे तिन्ही एका तारखेला जुळवणं घरच्या सहलीला जड जातं. ज्यांना जमेल त्यांनी जरूर जावं.

राहिलं अंदमान. आपल्या भागातून सगळ्यात जास्त लोक तिकडेच जातात आणि माझंही मत तिकडेच झुकतं. पण तिथे जाणाऱ्यांशी मला थोडं बोलायचंय.

अंदमान म्हटलं की मराठी घरात पहिलं आठवतं काळं पाणी. मार्च १८५८ मध्ये उठावातल्या कैद्यांची पहिली तुकडी, साधारण दोनशे माणसं, पोर्ट ब्लेअरला उतरवली. सेल्युलर जेल नंतरचं, १८९६ ते १९०६ या काळात बांधलेलं. बाबाराव सावरकर आधी गेले, विनायकराव १९११ मध्ये. त्यामुळे आपली माणसं जेल बघतात, संध्याकाळचा प्रकाश आणि ध्वनीचा कार्यक्रम बघतात, डोळे पुसतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बोटीत बसून हॅवलॉकला निघतात. तिथून पुढे फक्त मासे, प्रवाळ आणि रील. इतिहास जणू जेटीवरच उतरला!

पण खरी गोष्ट तर हॅवलॉकलाच आहे.

नावापासून बघा. हेन्री हॅवलॉक हा १८५७ चा उठाव मोडणारा इंग्रज सेनापती, त्याच वर्षी लखनौला मेला. शेजारचं नील बेट जेम्स नीलच्या नावाचं. अलाहाबाद आणि कानपूरकडे लोकांना सरसकट फासावर देणारा तो हाच. उठावातले कैदी ज्या बेटांवर सडायला पाठवले, तिथेच उठाव चिरडणाऱ्यांची नावं दिली. डिसेंबर २०१८ मध्ये हॅवलॉकचं स्वराज द्वीप आणि नीलचं शहीद द्वीप झालं. बरोबरच झालं. फक्त नेताजींनी १९४३ मध्ये शहीद हे नाव संपूर्ण अंदमानला आणि स्वराज हे निकोबारला सुचवलं होतं. २०१८ मध्ये ती दोन्ही नावं दोन छोट्या बेटांना मिळाली.

नेताजी तिथे आले तेव्हा बेटं जपान्यांच्या ताब्यात होती. मार्च १९४२ मध्ये जपानी उतरले आणि सुरुवातीला लोकांना वाटलं, गोरा गेला, सुटलो. ३० डिसेंबर १९४३ ला नेताजींनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला. पण त्याच दिवसांत सेल्युलर जेलमध्ये डॉ. दिवाणसिंग यांच्यासारखी माणसं हेरगिरीच्या संशयावरून जपान्यांचा छळ सोसत होती. दिवाणसिंग डॉक्टर होते, पंजाबीतले कवी होते, इंडियन इंडिपेंडन्स लीगचं तिथलं काम बघत होते. १४ जानेवारी १९४४ ला ते त्या छळात गेले. त्यानंतर सोळा दिवसांनी, ३० जानेवारीला, हम्फ्रेगंजला ४४ जणांना गोळ्या घातल्या. नेताजींना यातलं किती कळू दिलं होतं यावर आजही वाद होतात. कारभार नावाला आझाद हिंदचा, बंदूक जपान्यांच्या हातात.

मग आलं १९४५. दोस्तांच्या नाकेबंदीने बेटावर अन्न संपत आलं. जपान्यांनी हिशेब केला की जे काम करू शकत नाहीत ती तोंडं कमी करायची. ऑगस्टमध्ये, युद्ध अगदी संपत आलेलं असताना, शेकडो लोकांना पोर्ट ब्लेअरहून बोटींत भरलं. शेती करायला नवीन बेटावर नेतोय असं सांगितलं. हॅवलॉकच्या किनाऱ्यापासून काही अंतरावर, रात्रीच्या अंधारात, त्यांना समुद्रात ढकललं. ज्यांना पोहता येत नव्हतं ते तिथेच गेले. जे किनाऱ्याला लागले त्यांच्यापुढे ओसाड बेट होतं. ना वस्ती, ना दाणा. बहुतेक सगळे भुकेने मेले. ऑक्टोबरमध्ये इंग्रज परत आले, तोपर्यंत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके जिवंत उरले होते.

आज त्याच बेटाच्या पाण्यात आपली पोरं तोंडात रेग्युलेटर धरून पहिला श्वास घ्यायला शिकतात.

मुलांना घाबरवा असं मी म्हणत नाही. पण आठवी-नववीतल्या पोराला हे सांगायला काय हरकत आहे? टूरवाल्याच्या कागदावर नाश्ता काय मिळणार तेही लिहिलेलं असतं, यातलं अक्षर नसतं.

आज हॅवलॉकला जी वस्ती दिसते ती नंतरची. १९५० च्या दशकात पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना सरकारने तिथे जमिनी दिल्या. गोविंदनगर, विजयनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर, गावांची नावं वाचली की कळतं कोण आलं ते. फाळणीत घरदार गेलेल्या माणसांनी जंगल साफ करून भात आणि सुपारी लावली. पुढे राधानगरच्या किनाऱ्याचं २००४ मध्ये टाइम मासिकाने आशियातला सर्वोत्तम म्हणून कौतुक केलं. त्याच वर्षी २६ डिसेंबरला त्सुनामी आली. त्या भूकंपाने उत्तर अंदमानात समुद्राचा तळ वर उचलला गेला आणि प्रवाळाचे मोठे पट्टे उघडे पडून मेले. २०१० मध्ये पाणी तापलं आणि उरलेल्यातलं बरंच प्रवाळ पांढरं पडलं. तेव्हा यूट्यूबवर दिसतात तसे रंग प्रत्येक ठिकाणी दिसतील ही अपेक्षा ठेवू नका. मासे मात्र भरपूर दिसतात.

आता कामाचं. पहिल्यांदाच करणार असाल आणि हातात तीन-चार दिवस असतील तर अंदमानचा खर्च कशाला? मालवणला जा. महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला, त्या तटाच्या आसपासच बुडी मारता येते. १९८७ मध्ये तो भाग सागरी अभयारण्य जाहीर झाला. मच्छीमारांचा त्याला विरोध होता, आणि त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं, पण तो विषय वेगळ्या पोस्टचा. पाणी हॅवलॉकइतकं नितळ नसतं. पावसाळ्यात बंद असतं, आणि दिवाळीनंतर गढूळपणा कमी होतो.

सात-आठ दिवस असतील तर अंदमान. हॅवलॉकला निमो रीफवर किनाऱ्यावरूनच पाण्यात शिरता येतं, त्यामुळे बोटीला घाबरणाऱ्यांची सोय होते. दहा वर्षांखालच्या मुलांसाठी समुद्रातली बुडी हट्टाने मागू नका, आणि कोणी "चालतंय हो" म्हणालं तर तिथून उठा. दमा, कानाचं दुखणं, हृदयाचा त्रास असेल तर फॉर्मवर खरं लिहा. शिकवणारा एका वेळी किती जणांना नेतो ते पैसे देण्याआधी विचारा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शेवटच्या बुडीनंतर किमान १८ तास विमानात बसायचं नाही. पाण्याखाली नायट्रोजन अंगात मुरतो, तो निघायला वेळ लागतो. आपल्याकडचे लोक सकाळी बुडी आणि संध्याकाळी परतीचं विमान असं पॅकेज आनंदाने घेतात.

म्हणून क्रम उलटा ठेवा. आधी हॅवलॉक, बुड्या तिथेच उरका, मग बोटीने परत पोर्ट ब्लेअरला या (आता त्याचं नाव श्री विजयपुरम). विमानाआधीचा तो रिकामा दिवस सेल्युलर जेलला द्या, आणि गाडी असेल तर हम्फ्रेगंजलाही जाऊन या.

कोणाला मालवणबद्दल विचारायचं असेल तर कमेंटमध्ये विचारा, रात्री उत्तर देतो.