भारतातून, कुठूनतरी

मागच्या पावसाळ्यात शिवडीत, एका मित्राच्या दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही चटणी केली. खायची नव्हे. ‘चटणी’ हे एका प्रोग्रामचं नाव आहे. इंटरनेटवर तुमचा ठावठिकाणा लपवणारं ‘टॉर’ नावाचं सॉफ्टवेअर आहे ना, त्याचं छोटंसं जाळं आपल्याच संगणकावर उभारून तपासता यावं म्हणून टॉरवाल्यांनीच ते बनवलं. टॉर म्हणजे ‘द अनियन रूटर’. कांद्याच्या जोडीला चटणी, असा सगळा प्रकार.

कांदा का? तुमच्या संदेशावर कुलपाची तीन आवरणं चढतात आणि तो तीन वेगवेगळ्या संगणकांतून, म्हणजे रिलेंमधून, जातो. प्रत्येक रिले आपल्यापुरतं एक आवरण सोलतो. पहिल्याला कळतं संदेश कुणाकडून आला, पण तो कुठे चाललाय ते कळत नाही. तिसऱ्याला कळतं कुठे चाललाय, पण कुणाचा ते नाही. मधल्याला फक्त आपले दोन शेजारी ठाऊक. सगळी गोष्ट एकालाही माहीत नसते.

आमच्या जाळ्यात रिलेंची यादी ठरवणारे तीन नोड, पाच रिले आणि एक ग्राहक होता. सगळे एकाच जुन्या लॅपटॉपवर. खऱ्या टॉरमध्ये यादीवर दर तासाला मतदान होतं. चाचणीच्या जाळ्यात ते घाईघाईने उरकतं. थोड्या वेळात पडद्यावर दिसलं, की आमचा संदेश तीन रिलेंतून फिरून परत त्याच लॅपटॉपवर पोचला. टाळ्या. चहा.

हा पोरखेळ वाटेल, पण या तंत्राचा जन्म अशाच एका यंत्रावर झाला. अमेरिकी नौदलाच्या वॉशिंग्टनमधल्या संशोधन प्रयोगशाळेत डेव्हिड गोल्डश्लाग, मायकेल रीड आणि पॉल सिव्हरसन यांनी १९९६ साली पहिला नमुना चालवला, तेव्हा त्यातले पाचही नोड एकाच संगणकावर होते. पुढे रॉजर डिंगलडाइन आणि निक मॅथ्यूसन यांच्यासह नवं रूप घडलं आणि २००२ मध्ये टॉरचं जाळं खऱ्या जगात उतरलं. आधी घरात चूक करून घ्यायची, मग बाहेर जायचं. कारण बाहेरच्या जाळ्यावर खरी माणसं असतात. तिथल्या प्रयोगात चूक झाली तर भोगणारा भलताच असतो.

आपल्या मुंबईत ८० वर्षांपूर्वी काही तरुणांना ही सोय नव्हती.

ऑगस्ट १९४२. गवालिया टँकवर ‘छोडो भारत’ची हाक दिली गेली, नेते तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांच्या तोंडाला कुलूप लागलं. तेव्हा २२ वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी काँग्रेस रेडिओ सुरू केला. बाबुभाई खाकर, विठ्ठलदास झवेरी, चंद्रकांत झवेरी बरोबर होते. राममनोहर लोहियांचं बळ होतं. २०२४ मध्ये ओटीटीवर आलेला ‘ऐ वतन मेरे वतन’ तुम्ही पाहिला असेल, तर ही गोष्ट तोंडओळखीची आहे. लहर ४२.३४ मीटरची. पत्ता? ‘भारतातून, कुठूनतरी’.

इथे नीट बघा. संदेश लपवायचा नव्हताच. चिमूर-आष्टीतल्या अत्याचारांची बातमी जितक्या कानांवर जाईल तितकी हवी होती. लपवायची होती ती फक्त जागा. म्हणून ध्वनिमुद्रण एकीकडे, प्रक्षेपण दुसरीकडे, आणि प्रक्षेपणाची जागाही पुन्हा पुन्हा बदलायची. लहरींचा माग काढणारी पोलिसांची गाडी शहरात फिरत होती. चाचणी करावी म्हटलं तरी ती हवेतच जाणार, म्हणजे पोलिसांच्याही कानांवर. त्यांची प्रत्येक रंगीत तालीम हाच खरा प्रयोग होता.

१२ नोव्हेंबर १९४२ च्या संध्याकाळी गिरगावच्या पारेख वाडीत प्रक्षेपण चालू असतानाच पोलीस येऊन ठेपले. पोलिसांच्या हाती लागलेल्या तंत्रज्ञाकडून त्यांना पत्ता मिळाला होता. जे गाडीला जमलं नाही ते एका माणसाच्या तोंडून झालं. त्याला दोष देणं सोपं आहे. पण यंत्र लावणाऱ्याला जागा ठाऊक असणं भागच होतं. उषाताईंनी चौकशीत तोंड उघडलं नाही आणि त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली. त्या जाळ्याची सारी सुरक्षा शेवटी कोण किती सोसतो यावर उभी होती.

कांद्याच्या आवरणांचं मोल मला तिथे कळलं. ज्याला माहीतच नाही, त्याला कितीही छळलं तरी तो काय सांगणार? टॉर माणसाच्या सहनशक्तीची परीक्षा घेत नाही. तो त्याला मुळात सगळं कळूच देत नाही. अर्थात जाळ्याची दोन्ही टोकं कुणी एकाच वेळी पाहत असेल, तर वेळा जुळवून तो माणूस ओळखू शकतो. या दुखण्यावर टॉरकडेही पूर्ण औषध नाही.

म्हणूनच खरा टॉर एक नियम पाळतो. ज्यांच्या पत्त्याचा पहिला अर्धा भाग सारखा आहे, असे दोन रिले तो एका मार्गात घेत नाही. जणू एकाच वाडीतल्या दोघांवर भरवसा टाकायचा नाही. चाचणीच्या जाळ्यात मात्र हा नियम बंद ठेवावा लागतो, कारण तिथे सगळेच एका वाडीतले, एका खोलीतले, एका लॅपटॉपमधले.

त्या रात्री मित्राने नऊही नोडच्या नोंदी शेजारी-शेजारी उघडल्या. कोण कुणाशी बोललं, कधी, कुठून कुठे, सगळं आमच्यासमोर होतं. जाळं बिनचूक चालत होतं आणि त्यात लपलेलं काहीच नव्हतं. पारेख वाडीचा पत्ता ठाऊक असलेल्या माणसाच्या जागी आता आम्ही बसलो होतो. फरक एवढाच, की आमच्या दारावर कुणी थाप मारणार नव्हतं. मित्राने जाळं बंद केलं, आणि आम्ही नोंदी पुसून टाकल्या.