पेशींनाही आधार लागतो

मुरुड-हर्णैच्या बाजूला ओहोटीच्या वेळी खडक उघडे पडले, की त्यांवर कालवं दिसतात. ती इतकी घट्ट बसलेली असतात, की लोखंडी हत्याराशिवाय निघत नाहीत. पण याच कालवांची पिल्लं सुरुवातीला पाण्यात तरंगत असतात. टणक जागा सापडली, की मगच त्यांचा संसार सुरू होतो. श्रोतेहो, आपल्या शरीरातल्या बहुतेक पेशींचंही काहीसं असंच आहे.

रॉस हॅरिसन या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९०७ मध्ये बेडकाच्या गर्भातले मज्जातंतू शरीराबाहेर, गोठलेल्या लसिकेच्या थेंबात वाढवून दाखवले. पुढे त्यानं पेशींना कोळ्याच्या जाळ्याचे धागे दिले. पेशी त्या धाग्यांवरून लांबट होत पसरल्या. नुसतं अन्न पुरत नाही, धरायलाही काही लागतं, हे त्यातून दिसलं.

पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे १९४९ मध्ये डॉक्टरेट मिळवून बाल्टिमोरला जॉर्ज गे यांच्याकडे गेल्या. हे गे म्हणजे १९५१ मध्ये 'हेला' पेशी वाढवणारे. १९५६ मध्ये त्यांनी एका सहकाऱ्यासोबत उंदराच्या शेपटीतून काढलेल्या कोलॅजेनचा पारदर्शक थर पेशींखाली अंथरण्याची पद्धत मांडली. रणदिवे यांनी परतल्यावर, १९६०च्या दशकात, मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये भारतातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली.

कर्करोगाच्या संशोधनात या आधाराला एवढं महत्त्व का? निरोगी पेशीचा आधार सुटला, तर ती सहसा वाढत नाही, बरेचदा मरते. ग्लासगोत १९६४ मध्ये असं आढळलं, की विषाणूमुळे कर्करोगी वळण घेतलेल्या पेशी मात्र मऊ अगारमध्ये अधांतरीही वाढतात. आधाराची गरज संपणं ही कर्करोगाची एक खूण ठरली.

२००६ मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली. एकाच प्रकारच्या मूळपेशी मेंदूइतक्या मऊ थरावर मज्जापेशींकडे, स्नायूइतक्या घट्ट थरावर स्नायूंकडे आणि त्याहून कडक थरावर हाडांकडे झुकल्या. आपलं शरीर प्लॅस्टिकच्या बशीइतकं कडक नाही. म्हणून एखाद्या औषधानं बशीतल्या पेशी मेल्याची बातमी वाचलीत, तर हुरळून जाण्याआधी एवढं विचारा : त्या पेशी कशावर वाढवल्या होत्या?

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)