क्षमेचे शुल्क

चारित्र्याचा दाखला मागण्यासाठी तरुण धर्मग्रामाच्या कचेरीत येतात, तेव्हा आम्ही दोन ओळी लिहून सही-शिक्का करून देतो. पोलिसांच्या दाखल्याची गोष्ट निराळी. तेथे एकदा अपराधाची नोंद झाली की, शिक्षा भोगून झाल्यावरही ती मागे उरते. नोकरी असो वा भाड्याचे घर, माणसाच्या आधी त्याची नोंद तेथे पोहोचलेली असते. ती दूर करण्याचा मार्ग गरिबाला परवडावा की नाही, या प्रश्नावर कॅनडात गेल्या अर्धशतकात जे घडले, ते मननीय आहे. आपल्या कित्येक कुटुंबांची मुले-नातवंडे आज त्याच देशात स्थायिक झालेली आहेत.

न्यायमूर्ती रॉजर विमे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १९६९ साली कॅनडातील शिक्षापद्धतीचा अहवाल सादर केला. शिक्षा भोगून ठराविक काळ सन्मार्गाने वागणाऱ्याची जुनी नोंद त्याला आडवी येऊ नये, असे तिचे मत होते. त्यानुसार १९७० साली कायदा झाला. या कायद्याने नोंद नष्ट होत नसे. ती केंद्रीय पोलिसांच्या चालू दप्तरातून काढून वेगळी ठेवली जाई. पुढे सौम्य अपराधांसाठी शिक्षेनंतर ३ वर्षे व गंभीर अपराधांसाठी ५ वर्षे थांबावे लागे. अर्जाचे शुल्क ५० डॉलर होते.

२०१० साली वारे फिरले. मुलांवर अत्याचार केल्याबद्दल शिक्षा झालेल्या एका क्रीडा-प्रशिक्षकाला या कायद्यान्वये क्षमा मिळाल्याचे उघडकीस आले आणि लोकक्षोभ उसळला. तो क्षोभ आम्हास अनाठायी वाटत नाही. लेकरांच्या रक्षणासाठी नियम कडक झालेच पाहिजेत. परंतु त्या लाटेत लहानसहान अपराध करून सुधारलेले हजारो लोकही वाहून गेले. त्याच वर्षी शुल्क १५० डॉलर झाले आणि २०१२ साली ६३१ डॉलर. प्रतीक्षेचा काळ ५ व १० वर्षांवर गेला. कायद्यातून ‘क्षमा’ हा शब्दही गेला व त्याच्या जागी ‘नोंद-स्थगिती’ हा शब्द आला. या कामाचा खर्च करदात्याने का सोसावा, तो अर्जदारानेच भरावा, असा सरकारचा युक्तिवाद होता.

हा युक्तिवाद वरवर रास्त दिसतो. पण अर्जदार कोण, हेही पाहिले पाहिजे. नोंदीमुळे ज्याला काम मिळत नाही, तोच नोंद दूर करण्यासाठी पैसे भरणार होता. शिवाय बोटांचे ठसे, न्यायालयातील जुने कागद, राहत्या गावच्या पोलिसांचा अहवाल या सर्वांचा खर्च वेगळा. ही कागदपत्रे जुळवून देणारे खासगी मध्यस्थ पुढे आले, त्यांची फी आणखी निराळी. पुढील काही वर्षांत अर्जांची संख्या निम्म्याहूनही खाली घसरली. ज्यांच्याजवळ पैसे होते ते सुटले, इतरांना शिक्षा संपूनही ती भोगावी लागली.

चूक हळूहळू ध्यानात आली. २०१७ साली ब्रिटिश कोलंबिया व ऑन्टारिओ येथील न्यायालयांनी, नवे कडक नियम जुन्या अपराधांना लावणे राज्यघटनेविरुद्ध ठरवले. १ जानेवारी २०२२ पासून शुल्क पुन्हा ५० डॉलर झाले.

तथापि, केवळ शुल्क उतरल्याने दार उघडत नाही, हेही कॅनडानेच दाखवून दिले. जवळ थोडा गांजा बाळगल्याबद्दल दोषी ठरलेल्यांसाठी २०१९ साली विनाशुल्क अर्जाची सोय झाली. पात्र लोक हजारोंनी असताना पहिल्या दोन वर्षांत अर्जांनी हजाराचा आकडाही गाठला नाही. कागद जमवण्याची यातायात पूर्वीचीच होती आणि अनेकांना अशी सोय झाल्याची वार्ताही नव्हती. अखेर नोव्हेंबर २०२२ मध्ये असा कायदा संमत झाला की, मादक द्रव्य केवळ जवळ बाळगल्याच्या नोंदी ठराविक मुदतीनंतर अर्जाविनाच वेगळ्या ठेवाव्यात. क्षमा मागणाऱ्याची वाट पाहत न बसता शासनाने स्वतः एक पाऊल पुढे टाकले.

आपल्याकडे काय आहे? १९५८ च्या परिवीक्षा कायद्याने, तुरुंगात न धाडता चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडलेल्याला त्या दोषसिद्धीमुळे अपात्र मानता येत नाही. २०१५ च्या बालन्याय कायद्याने बालकांच्या नोंदी, काही अपवाद वगळता, मुदतीनंतर नष्ट करण्याची तरतूद केली. मात्र शिक्षा भोगून आलेल्या प्रौढाची नोंद दूर करणारा सर्वसाधारण कायदा आपल्या देशात नाही. उद्या तो होईल तेव्हा कॅनडाची ही पन्नास वर्षे आपल्या विधिमंडळांनी डोळ्यांपुढे ठेवावीत, अशी आमची इच्छा आहे. तोवर निदान आपल्या वाडीत परतलेल्या माणसाला त्याच्या जुन्या नावाने हाक मारू नये, इतके आपणा सर्वांच्या हाती आहे. त्यासाठी कोणाला शुल्क पडत नाही.