मेंदूचा आरसा आणि खेळाडूचा नेम

१९२४ साली दोन दूरच्या गावांत एकच धडपड चालू होती. शरीराच्या आत जे घडते ते मोजता यावे, ही ती धडपड. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे यांनी, कैवल्यधाम स्थापन केले. उड्डियान, नौली करताना पोटात काय होते, हे ते क्ष-किरणांनी आणि दाबमापकाने तपासत होते. त्याच वर्षी जर्मनीतील येना येथे हान्स बर्गर यांनी माणसाच्या मेंदूतील विद्युत-लहरींची पहिली नोंद घेतली. डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या माणसात सेकंदाला सुमारे १० वेळा वरखाली होणारी लहर त्यांना आढळली. तिला त्यांनी ‘अल्फा’ म्हटले.

लहर यंत्राला दिसली, पण ती ज्याच्या डोक्यात आहे त्याला ओळखता येईल का? १९५८ मध्ये शिकागो विद्यापीठात जो कामिया यांनी हेच तपासले. डोळे मिटून बसलेल्या एका विद्यार्थ्याला घंटा वाजवून ते विचारत, ‘आत्ता अल्फा आहे की नाही?’ उत्तर बरोबर की चूक, हे लगेच सांगत. पहिल्या दिवशी निम्मी उत्तरे बरोबर आली, म्हणजे नुसताच अंदाज. चौथ्या दिवशी मात्र तो चुकेना! वर्गात आपण ज्याला प्रत्याभरण म्हणतो, ते हेच. न्यूरोफीडबॅकचे मूळ इथे आहे. आज डोक्याला इलेक्ट्रोड लावतात आणि हवी ती लहर वाढली की संगणक सूर वाजवतो किंवा पडद्यावरचे चित्र हलवतो.

आता खेळाडूंकडे वळू. १९८४ मध्ये हॅटफील्ड, लँडर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुशल नेमबाजांच्या लहरी नोंदवल्या. चाप ओढण्यापूर्वीच्या काही सेकंदांत डाव्या कानशिलाकडे अल्फा लहरी वाढत होत्या. भाषेशी संबंधित भाग बहुधा याच बाजूला असतो. तेव्हा मनातली बडबड त्या वेळी थांबत असावी, असा तर्क निघाला.

पण इथे एक मेख आहे. सुंदर अक्षर असणाऱ्या मुलांजवळ चांगले पेन आढळले, म्हणून सर्वांना तसे पेन दिल्याने अक्षर सुधारेल का? १९९१ मध्ये लँडर्स यांनी याची परीक्षा घेतली. २४ तिरंदाजांचे तीन गट केले. एका गटाला डाव्या बाजूचे, म्हणजे योग्य मानलेले, प्रत्याभरण दिले. दुसऱ्याला उजव्या बाजूचे, तर तिसऱ्याला काहीच नाही. पहिल्या गटाचा नेम सुधारला. दुसऱ्याचा चक्क बिघडला! म्हणजे हे साधन निरुपद्रवी समजून वापरायचे नाही.

२००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये अभिनव बिंद्रा यांनी भारताचे पहिले वैयक्तिक सुवर्णपदक मिळवले. त्यांच्या तयारीत न्यूरोफीडबॅकही होते, म्हणून या तंत्राचे नाव आपल्याकडे गाजले. परंतु त्यांच्या तयारीत वर्षानुवर्षांचा सराव, व्यायाम आणि इतर अनेक प्रयोगही होते. यशाचा किती वाटा कशाचा, हे एका विजेत्यावरून ठरत नाही. त्यासाठी तुलनेचा गट लागतो. या विषयावरच्या पुष्कळ प्रयोगांत मोजकेच खेळाडू होते, आणि खोटे प्रत्याभरण दिलेला गट अनेकदा नव्हताच. त्यामुळे निष्कर्ष अजून पक्के म्हणता येत नाहीत.

आमच्या छत्रपती संभाजीनगरात काय किंवा तुमच्या गावात काय, ‘मेंदू-प्रशिक्षणा’ची महागडी पट्टी घ्यावी का, असे एखादा पालक विचारील. तेव्हा त्याला एकच प्रश्न विचारायला सांगा, ‘ज्यांना पट्टी दिली नाही, त्यांचे काय झाले?’

विद्यार्थ्यांना हे पटवायला यंत्र नको. मुलांच्या डोळ्यांवर रुमाल बांधा आणि जमिनीवरच्या वर्तुळात चेंडू टाकायला सांगा. एका गटाला प्रत्येक फेक किती चुकली ते खरे सांगा, दुसऱ्याला मनाला येईल ते, तिसऱ्याला काहीच नको. २० फेकींनंतर तिन्ही गटांचे गुण फळ्यावर मांडा. दुसऱ्या गटाला मात्र शेवटी खरे काय ते सांगायला विसरू नका.