चाई लागली तर खाणंपिणं बदलून केस परत येतात का? आधी हे समजून घ्या

डोक्यावर रुपयाएवढा गोल, गुळगुळीत चट्टा पडतो आणि तिथले केस निघून जातात. बहुतेक वेळा खाज नसते, दुखतही नाही. त्यामुळे तो आधी दिसतो न्हाव्याला, नाहीतर वेणी घालणाऱ्या आईला. आपल्याकडे याला चाई लागली म्हणतात, कोणी कीड लागली म्हणतं. मग सल्ले सुरू होतात. गहू बंद करा, बदाम खा, कांदा चोळा. यातलं कामाचं किती, ते पाहू.

चाई म्हणजे नेमकं काय?

केसात कीड वगैरे काही नसते. रोगाशी लढणाऱ्या आपल्याच रक्तातल्या पेशी चुकून केसांच्या मुळांवर हल्ला करतात. डॉक्टर याला 'अलोपेशिया अरिआटा' म्हणतात. शंभरात साधारण दोघांना आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होतो. काहींच्या भुवया, दाढी किंवा अंगावरचे केसही जातात, नखांवर बारीक खड्डे पडतात.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, चाई एकाची दुसऱ्याला लागत नाही. मुलाला वर्गात वेगळं बसवायचं काही कारण नाही. दोन, केसाचं मूळ मरत नाही, त्याचं काम थांबतं. त्यामुळे केस परत येऊ शकतात. येताना आधी पांढरे, बारीक येतात.

खाण्याने फरक पडतो का?

पीक पिवळं पडलं की आपण आधी बघतो, अन्नद्रव्य कमी पडलंय की रोग आलाय. हरभऱ्यावर मर आली तर युरिया टाकून ती जात नाही. इथंही तसंच आहे. चाई हा रोग आहे, आणि कोणताही आहार तो बरा करतो असं आजवर सिद्ध झालेलं नाही.

पण कमतरता असेल तर ती भरून काढलीच पाहिजे. चाई असलेल्या अनेकांच्या रक्तात ड जीवनसत्त्व कमी आढळतं. ते चाईचं कारण आहे असं मात्र ठरलेलं नाही. बायाबापड्यांमध्ये लोह कमी असणं तर घरोघरी आहे, आणि लोह कमी पडलं की सगळ्या डोक्याचे केस विरळ होतात. काही रुग्णांना थायरॉईडचाही त्रास असतो. म्हणून हिमोग्लोबिन, लोहाचा साठा (फेरिटिन), ड जीवनसत्त्व आणि थायरॉईड तपासायचं का, हे डॉक्टरांना विचारा.

जेवणात डाळ, उसळ, हिरवी भाजी, शेंगदाणे, अंडी असावीत. ते तब्येतीसाठी चांगलंच आहे. गहू बंद करायची गरज फक्त ज्यांना गव्हाचा आजार (सिलिअ‍ॅक) निघाला आहे त्यांना.

गोळ्या मनाने घेऊ नका

बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये काही गावांत लोकांचे केस अचानक गळून टक्कल पडलं, ते आठवत असेल. ती चाई नव्हती. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तपासणी करून रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियमकडे बोट दाखवलं. सेलेनियम अंगाला थोडंसंच लागतं, जास्त झालं की केस आणि नखं जातात. 'केसांच्या गोळ्यां'मध्येही बरेचदा सेलेनियम असतं. बायोटिनच्या गोळ्यांनी थायरॉईडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो, म्हणून तपासणीआधी तसं सांगा.

झोप, ताण, व्यसन

ताणामुळेच चाई होते असं पक्कं म्हणता येत नाही, पण चाईमुळे ताण नक्की येतो. पोरगी लग्नाची असेल तर घरचे बोलून बोलून तिला आणखी खचवतात. पुरेशी झोप घ्या, तंबाखू-बिडी सोडा, माणसाला टोमणे मारू नका. यानं केस उगवतील असा शब्द कोणी देऊ शकत नाही, पण माणूस सावरतो.

मग घरगुती उपायाने 'गुण' कसा येतो?

एक-दोन लहान चट्टे असले तर बऱ्याच जणांचे केस वर्षभरात औषधाविनाही परत येतात. त्या काळात जे लावलं असेल, त्याला श्रेय मिळतं. कांद्याच्या रसाचा एक प्रयोग इराकमध्ये झाला, तो २००२ मध्ये छापून आला. त्यात फायदा दिसला, पण रस लावणारे रुग्ण होते अवघे २३. तेवढ्यावर भरवसा ठेवून बसू नये. बिब्बा तर लावूच नका. कातडी भाजते, फोड येतात, आणि खोल व्रण राहिला तर तिथं केस कायमचे जातात.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

चट्टे वाढत असतील, भुवया जात असतील किंवा रुग्ण लहान मूल असेल तर थांबू नका. मुलांच्या डोक्यावर खाज, कोंडा आणि तुटके केस असले तर ते गजकर्ण असू शकतं. त्यावर दुकानातून आणलेली स्टिरॉईडची ट्यूब लावली तर ते आणखी पसरतं.

मोठ्या माणसांच्या लहान चट्ट्यांवर डॉक्टर स्टिरॉईडची बारीक इंजेक्शनं देतात. फार केस गेलेल्यांसाठी बॅरिसिटिनिब हे औषध अमेरिकेत जून २०२२ मध्ये मंजूर झालं. चाचण्यांत त्याच्या मोठ्या डोसने ३६ आठवड्यांत शंभरातल्या सुमारे ३५ ते ३९ जणांच्या डोक्यावर ८० टक्के किंवा जास्त केस आले. हे औषध रोगप्रतिकारशक्ती दाबतं, म्हणून सुरू करण्याआधी क्षयरोगाची तपासणी लागते. ते मनाने घ्यायचं नाही.

जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी मेडिकल कॉलेजच्या त्वचारोग विभागात दाखवा. जाताना चट्ट्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, महिन्याने पुन्हा काढा. चट्टा वाढतोय की भरतोय, ते त्यावरून डॉक्टरांनाही कळतं आणि तुम्हालाही.