दोन खिशांचा उमेदवार

बसलेल्या खासदाराला खाली ओढायला फार डोकं लागत नाही. तो मतदारसंघात दिसत नाही, दिसला तर काम करत नाही, आणि भत्ता मात्र वेळेवर उचलतो, एवढं पारावर उभं राहून ओरडलं की झालं. ही विद्या आपल्याच मातीतली असं कोणाला वाटत असेल, तर त्याने अमेरिकेतल्या पश्चिम टेनेसीत जाऊन यावं. म्हणजे 1825 सालच्या. तिथे पार नव्हता. झाड तोडून उरलेल्या बुंध्यावर चढून भाषण ठोकायचे. त्या बुंध्याला ते लोक स्टंप म्हणतात. आपल्याकडे स्टंप उडाला की माणूस घरी जातो, तिथे स्टंपवर चढला की वॉशिंग्टनला जातो, एवढाच फरक.

त्या रानातला सगळ्यात नामांकित उमेदवार म्हणजे डेव्ही क्रॉकेट. धंद्याने शिकारी, शाळेशी फारसं न पटलेला. वर्षभराच्या आत 105 अस्वलं मारली असं त्याने 1834 सालच्या आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. अस्वलांचं म्हणणं कोणी नोंदवून घेतलं नाही, त्यामुळे आकडा ताळून पाहायची सोय नाही. त्याच्या प्रचाराची रीत मात्र आम्हा कारकुनांना आवडावी अशी. शिकारी अंगरख्याला दोन मोठे खिसे. एकात दारूची बाटली, दुसऱ्यात तंबाखू. मतदार तोंडातली तंबाखू थुंकून घोट घेई, की क्रॉकेट लगेच दुसऱ्या खिशातून नवी तंबाखू पुढे करी. भेटला तेव्हा जसा होता तसाच परत गेला पाहिजे! जमाखर्चाचा इतका स्वच्छ मेळ मी बी. कॉम.च्या पुस्तकातसुद्धा पाहिला नाही.

1825 साली त्याने बसलेल्या कर्नल अलेक्झांडरवर जकातीच्या कायद्यावरून तोफ डागली. पण त्या साली कापसाला शंभर पौंडामागे 25 डॉलर भाव! कर्नल म्हणाले, ही माझ्या जकातीची पुण्याई. क्रॉकेट पडला. 1827 ला कापूस सहा-आठ डॉलरवर घसरला आणि त्याबरोबर कर्नलसाहेबही. जो भाव चढल्याचं श्रेय घेतो त्याच्याच दारात भाव उतरल्याची वसुली येते. त्याच निवडणुकीत अर्नोल्ड नावाच्या दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या भाषणात गिनी कोंबड्यांनी कलकलाट केला. त्याने भाषण थांबवून त्या हाकलायला लावल्या. क्रॉकेट म्हणाला, कोंबड्या माझंच नाव घेत होत्या, म्हणून तुम्ही त्यांना गप्प केलंत! मुद्द्याला उत्तर देता येतं, कोंबडीला काय देणार?

निवडून आला आणि क्रॉकेट स्वतःच बसलेला झाला. आता बुंध्यावर दुसरे चढले. 1831 साली फिट्झजेराल्ड नावाचे वकील उभे राहिले. क्रॉकेट सभागृहात गैरहजर असतो, हा त्यांचा मुख्य आरोप. सदस्याला रोज 8 डॉलर भत्ता, त्यामुळे गैरहजेरीचा हिशेब शेतकऱ्यालाही बोटांवर करता येई. शिवाय वकिलांच्या माणसांनी एक नामी युक्ती काढली. क्रॉकेटला न सांगता गावोगाव त्याच्या नावाने सभा जाहीर करायच्या; लोक जमले, तो नाही आला, की म्हणायचं, बघा, घाबरला! तक्रार क्रॉकेटनेच लिहून ठेवली आहे. गैरहजेरीचा आरोप सिद्ध करण्यासाठी गैरहजेरी स्वतः तयार करणं, याला वकिलीच लागते. क्रॉकेट 586 मतांनी पडला.

पडण्याचं आणखी एक कारण होतं. 1830 साली रेड इंडियन लोकांना त्यांच्या भूमीवरून हुसकावण्याचा कायदा 102 विरुद्ध 97 मतांनी पास झाला. टेनेसीच्या प्रतिनिधींपैकी विरोधात हात वर करणारा हा एकटा. राष्ट्राध्यक्ष जॅक्सन टेनेसीचेच, कायदा त्यांचा लाडका. आपल्याकडे खासदार वरच्यांना सामील आहे म्हणून पडतो, हा सामील नाही म्हणून पडला. पुढे त्याने जॅक्सनविरुद्ध मोठ्या सरकारी बँकेचीही बाजू घेतली. बँकेची बाजू घेऊन मतं वाढत नाहीत, हे आमच्या काउंटरवरचा शिपाईसुद्धा सांगेल.

1833 ला तो पावणेदोनशेच्या आतल्या फरकाने परत आला. 1835 ला समोर अ‍ॅडम हंट्समन. यांचा एक पाय लाकडी. एक दंतकथा अशी की, दोघे एका जॅक्सनभक्त शेतकऱ्याकडे मुक्कामाला होते. रात्री क्रॉकेटने मुलीच्या खोलीचं दार खडखडवलं आणि खुर्चीचा पाय जमिनीवर आपटत, ठक् ठक्, परत येऊन अंथरुणात शिरला. यजमान मध्यरात्री उठले ते थेट हंट्समनच्या अंगावर गेले! खरं-खोटं टेनेसी जाणे. पण क्रॉकेटची अडचण चेष्टेने सुटणारी नव्हती. 1834 च्या वसंतात सभागृह चालू असताना हे गृहस्थ तीन आठवडे फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क, बोस्टन करत सत्कार घेत फिरले होते. आणि तीन खेपांत त्यांचं एकही बिल पास झालं नव्हतं.

त्यातलं एक बिल मात्र ध्यानात ठेवण्यासारखं. पश्चिम टेनेसीत हजारो कुटुंबं रान तोडून शेती करत होती, पण सातबाऱ्यावर म्हणावं तसं नाव कोणाचंच नव्हतं. जमीन कसणाऱ्याला स्वस्तात द्या, एवढंच त्याचं मागणं. पोक नावाचे त्याच्याच राज्याचे सदस्य, जे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले, ते म्हणत, जमीन राज्याला द्या, विकून शाळा काढू. शाळा कोणाच्या पोरांसाठी? बाप बेघर झाल्यावर पोरं शाळेत जाणार कुठून, अशी क्रॉकेटची शंका. पण विरोधकाने बुंध्यावरून विचारलं, बिल कुठे आहे? उत्तर नव्हतं. बिल अडवलं कोणी, हा प्रश्न लांबलचक. बुंध्यावर तेवढा वेळ मिळत नाही.

क्रॉकेट अडीचशेच्या आसपास मतांनी पडला. तुम्ही नरकात जा, मी टेक्सासला जातो, असं मतदारांना सांगून तो निघाला आणि 6 मार्च 1836 ला अलामोच्या लढाईत मारला गेला. हंट्समन एकच मुदत राहिले. 1837 साली ती जागा क्रॉकेटच्या मुलाने, जॉन वेस्लीने जिंकली, आणि बापाचं जमिनीचं बिल, थोडं बदलून, 1841 साली पास करून घेतलं.